आक्काताई ताटं बघतात

रहिमतपूरला आमच्या घरामागे पोलीस भरतीची तयारी करून घेणारी एक छोटी अकादमी आहे. मी निवृत्त शिक्षक. सकाळी मुली पळतात तेव्हा घड्याळ धरून त्यांची वेळ वहीत लिहायची, एवढंच माझं काम. स्वयंपाक आक्काताई कांबळे करतात. त्यांना अक्षर येत नाही, पण पळण्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. हे गेल्या नवरात्रात मला उमजलं.

पाटणकडच्या अंकिताची ती शेवटचीच भरती होती. पुढच्या वर्षी वय उलटणार होतं. मैदानी चाचणी नेमकी नवरात्राच्या आठव्या दिवशी आली. तिच्या आईनं, लीलाबाईंनी, नवस बोललेला : पोरगी नऊ दिवस पाणी आणि दोन खजुरांवर राहील.

आठशे मीटरला पहिल्या दिवशी तिला दोन मिनिटं सेहेचाळीस सेकंद लागले. तिसऱ्या दिवशी दोन चोपन्न. पाचव्या दिवशी तीन मिनिटं आठ सेकंद, आणि रेषा ओलांडून ती खालीच बसली. मी आकडा लिहिला आणि वही मिटली. देवाधर्माच्या गोष्टीत आपण कसं बोलायचं?

"आवं गुरुजी, पोरगी भिताडाला धरून चालतीया, दिसत न्हाई व्हय?" आक्काताईंनी विचारलं.

"दिसतं."

"मग मूग गिळून बसलायसा?"

त्यांनी अंकिताला चुलीपाशी बसवलं.

"आक्का, रिकाम्या पोटी अंग हलकं ऱ्हातंय," ती म्हणाली. "आन् चरबी जळतीय की."

"ही चूल बघ. ओंडका लय वेळ जळतो, पर हळू. तशी चरबी. तीन मिनिटं जीव खाऊन पळायचं तर पाचटाचा, उसाच्या वाळल्या पाल्याचा, भडका लागतोय. त्यो भाकरीतनं येतो, रताळ्यातनं येतो. पाच दिस तू चुलीत पाचट घातलंच न्हाईस."

अकादमीत एकदा एक डॉक्टर येऊन गेले होते. धान्यातली साखर स्नायूंत आणि यकृतात साठते, जोरात पळताना स्नायूंतली जळते, यकृतातली रक्तातली साखर सांभाळते, ती घटली की घेरी येते, असं त्यांनी सांगितलं होतं. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. आक्काताई तेव्हा चहा देत होत्या. माझं वहीत राहिलं.

अंकिताला रडू फुटलं. "नवस मोडला आन् नापास झाले, तर आई काय म्हनंल?"

आक्काताईंनी लीलाबाईंना फोन लावला. "आमच्यात नवस करत न्हाईत, मला त्यातलं कळत न्हाई. पर बोलला तुमी, आन् पळतीया ती. तुमी धराल का उपास?"

पलीकडून आवाज आला, "बोलले मी, धरते मी. पोरीला खाऊ घाला."

त्या दिवसापासून उकडलेली रताळी, केळी, वरीचा भात, मीठ-गूळ घातलेलं लिंबूपाणी. सगळं उपासाचंच, म्हणून अंकितानं खाल्लं. तरी सहाव्या दिवशी तीन मिनिटं दोन सेकंद. सातव्या दिवशी विश्रांती. रिकामी झालेली साठवण तीन दिवसांत भरते का? मी वही उलटीपालटी केली. ते मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं.

आठव्या दिवशी चाचणीसाठी साताऱ्याला पहाटे पोचलो. तिचा नंबर यायला अकरा वाजले. तोवर आक्काताईंनी तिला दोनदा अर्धं अर्धं केळं दिलं, त्याहून जास्त नाही. दुसऱ्या फेरीत ती पाचवी होती, मग तिसरी. नंतर डोळे भरून आले, मला धूसर दिसू लागलं.

"किती झालं?" आक्काताईंनी विचारलं.

"दाबलंच नाही बटण."

"गुरुजी, तुमी म्हंजे!"

अंकिता बाहेर आली. कुंपणाला न धरता, सरळ चालत. "दोन चव्वेचाळीस."

यादी लागायला अजून अवकाश होता. आक्काताईंनी आधी फोन लावला. लीलाबाईंचा आवाज अगदी बारीक आला.

"पळाली पोरगी. आता दोन रताळी खावा."

"उद्याचा दिस हाय की अजून."

आक्काताईंनी फोन अंकिताच्या हातात दिला. "आता तू बघ तिचं ताट."

अंकिताचा श्वास अजून जागेवर नव्हता. "आये," ती म्हणाली, "खरं सांग. भिताडाला धरून चालतीस का?"

"व्हय, धरते," लीलाबाई म्हणाल्या.