शनिवारचा खिळा, सोमवारचा खिळा

मी काही समजावून सांगायला कागद ओढला की आमच्या घरात लगेच कुणीतरी म्हणतं, "बाबा, आकृती नको हं!" ही खोड जुनी आहे आणि तिची सुरुवात फजितीने झाली, एवढं मुलांना ठाऊक आहे. पुढचं मी त्यांना कधी सांगितलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी नुकता बी.एस्सी. होऊन एका संशोधन कचेरीत हंगामी नोकरीला लागलो होतो. काम गिरणीतलं. कार्डिंग खात्यात कापूस पिंजला जातो, हवेत सारखं तूस तरंगतं. तिथल्या कामगारांचा श्वास मोजायचा. पाण्यात पालथी घातलेली पत्र्याची टाकी आणि तिला रबरी नळी. माणसाने नळीत फुंकलं की टाकी वर उचलली जाई. शनिवारी एकदा फुंकायचं, रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पाळी सुटताना पुन्हा. सोमवारी टाकी कमी उचलली जाई. मॅनेजर म्हणत, "रविवारची दारू." आमच्या कचेरीला वाटे, सुट्टीनंतर तूस जास्त बाधतं. ते सिद्ध झालं, तर खात्यात तूस ओढून घेणारा पंखा बसण्याची आशा होती.

राहायला मी डिलाईल रोडला, गाववाल्यांच्या खोलीत. चौदाजण, पाळीपाळीने झोपणारे. कचेरीची वेळ फक्त माझी, त्यामुळे मी परतलो की निम्मे गिरणीत असत आणि उरलेले सभेला निघालेले. चाळ रिकामी होई. नोकरी घेताना मी चळवळीत भाग घेणार नाही असं लिहून दिलं होतं, तेव्हा मी मोठ्या शौर्याने घरी बसत असे. सोबतीला काका. नात्याने कुणी नव्हेत. आमच्या वाडीतले, कार्डिंगमधले सगळ्यांत जुने. त्यांना कुणाची मनाई नव्हती.

"घोषणा देऊक जातंय," ते म्हणत, "आणि 'झालाच' म्हणीपर्यंत खोकलो येता. लोकांका वाटता, मी विरोधात आसंय!"

मग ते स्टोव्ह पेटवून दोन कप चहा करत आणि विचारत, "काय केलंस रे दिवसभर?" अख्ख्या मुंबईत हे मला विचारणारा तो एकच माणूस.

एकदा मी दिवसभर काय केलं होतं, तर सगळ्यांच्या श्वासाचा एक आलेख. खात्याच्या भिंतीवर लावला आणि 'सरासरी', 'विचलन' असे शब्द वापरून वीस मिनिटं बोललो. कामगार शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, भारावलेत. शेवटी मागून आवाज आला, "मास्तर, हो घाट खंयचो? फोंड्याचो काय?" पुढच्या सोमवारी निम्मी माणसं फुंकायला आलीच नाहीत.

काकांनी त्या संध्याकाळी विचारलं, "झिला, त्या तुझ्या कागदावर मी खंय आसंय?"

"काका, ती सगळ्यांची सरासरी. तुम्ही तिच्यातच आहात."

"तसो मी मुंबयतय आसंय. पण कोण सोदूक इलो तर सापडतलंय काय?"

दुसऱ्या दिवशी मी सुताराकडून एक फळी आणली. डावीकडे शनिवारचे खिळे, उजवीकडे सोमवारचे. जितका श्वास मोठा तितका खिळा उंच. प्रत्येकाच्या दोन खिळ्यांमध्ये सुताचा एक धागा ताणला आणि शेजारी खडूने त्याचा बिल्ला नंबर लिहिला. फळी खात्यात ठेवली मात्र, झुंबड उडाली.

"अरे, माझो हो बघ!"

"तुझो बरो आसतलोच. काम खंय करतंस तू?"

"आणि बुवाचोय धागो खाली! बुवा, रविवारी भजनाक जातास की दुसरीकडे?"

बुवांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. हसणं हळूहळू थांबलं. खात्याचा मुकादम, जॉबर, म्हणाला, "म्हणजे दारू न्हय ती." मी तोंडही उघडलं नव्हतं.

काका आपल्या नंबरासमोर उभे राहिले. सगळ्यांत जास्त उतरलेला धागा त्यांचा होता. "हां," ते म्हणाले. "हय आसंय मी."

मॅनेजरनी फळी वर मागवली. गणपती आणावा तशी मी ती डोक्यावरून नेली. नंबर पुसावेत हे मला सुचलं नाही. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या कचेरीचं पहिल्यांदाच काही समजलं." मी फुगलो. मग त्यांनी सगळ्यांत खालच्या खिळ्यावर बोट ठेवलं. "हा कोण?"

"सर्वांत जुने कामगार, साहेब," मी अभिमानाने सांगितलं. उदाहरण चांगलं होतं ना!

पंधरवड्यात काका 'अनफिट' ठरले. पंखा विचाराधीन राहिला.

ते ट्रंक बांधत होते आणि मी, सगळ्यांना समजावणारा, दोरीचं टोक धरून नुसता उभा होतो. त्यांनीच माझी कीव केली. "बरा मांडलंस रे. माका समाजला, सायबाकय समाजला. तू आता चाय करूक शीक."

चहा मी शिकलो. पहिले काही दिवस चुकून दोन कपांचं आधण ठेवत होतो. खालून मोर्चे जात, गॅलरीत मी एकटा, आणि दिवसभर काय केलं हे विचारायला कुणी नाही.

दोन महिन्यांनी पत्र आलं, गावच्या शाळामास्तरांच्या अक्षरात. खोकला आहे तसाच आहे. इकडे सोमवार कुठला ते कळत नाही. शेवटी एक ओळ: 'पंखा बसला का, असे विचारतात.'

पंखा बसला नव्हता. मी चार मसुदे फाडले. 'प्रस्ताव', 'मंजुरी', 'अहवाल' असले शब्द एकेक करून काढत गेलो, तेव्हा कागदावर काहीच उरेना. मग नवा कागद घेऊन लिहिलं, 'पंखा बसला. सगळे बरे आहेत.' मास्तरांना वाचून दाखवायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढलं आणि पत्र पेटीत टाकून आलो.