सात नंबरची चक्कर

आधीच सांगून टाकतो, मी भुताखेताच्या गोष्टी वाचणाऱ्यांतला नाही. या पानावर बायको येते वाचायला आणि मी मागं बसून खिदळतो. चौकात कुणी उतारा टाकला असेल तर त्यातला नारळ चांगला आहे का बघणारा माणूस आहे मी. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा ठोकून पार्ट काढणाऱ्या कारखान्यात, एकोणीस वर्षं मेंटेनन्सला आहे. आमच्या धंद्यात एकच धर्म – बिघाड असला की कारण असतंच. सापडत नसेल तर तुम्ही नीट शोधलं नाही, विषय संपला. नवीन आलेल्यांना यावरून मी भरपूर झापलंय. आता माझ्याच पदरात एक बिघाड पडलाय ज्याचं कारण सापडत नाही, म्हणून लिहितोय. हसायचं त्यांनी हसून घ्या.

राहायला रुपीनगरला, दुसऱ्या मजल्यावर. मी, बायको वैशाली, शाळेत जाणारी मुलगी आणि माझी आई. आई मूळची मावळातली. समोरच्या दारात रफिकभाई आणि शबानाभाभी राहतात, रफिकभाईंचं गॅरेज आमच्याच बिल्डिंगखाली.

गेल्या वर्षी उन्हाळा सरता सरता वैशाली पहिल्यांदा पडली. भाजीच्या गाडीपाशी, भाव करता करता. अर्ध्या मिनिटात उठून बसली आणि पहिलं काय विचारलं तर "माझी पिशवी कुठाय?" आम्ही म्हटलं ऊन लागलं असेल. पंधरा दिवसांनी घरात पडली, ओट्यापाशी. हातपाय थोडे झटकले. आईनं पळत जाऊन दारातली चप्पल आणली आणि तिच्या नाकाला लावली.

"फीट हाय ही. आमच्या थोरल्या जावंला व्हायचं आसंच."

चप्पल हुंगवली आणि वैशाली उठली. झालं, आईचं निदान पक्कं! ती चपलेवाचूनही उठली असती हे तिला कोण सांगणार.

पण आईचं सोडा, डॉक्टरांनीही तेच धरलं. फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. बाई दिवसभर पेंगुळलेली, आणि तरी पडायचीच. पाच-सहा ईसीजी काढले, नॉर्मल. टूडी इको नॉर्मल. मग छातीला वायरी चिकटवून चोवीस तास ते होल्टरचं मशीन कमरेला बांधलं. त्या दिवशी बाई ठणठणीत! मी तिला मुद्दाम चार वेळा जिना चढायला लावला, उगाच भांडण उकरून काढलं... काही नाही. दुसऱ्या दिवशी मशीन परत दिलं आणि संध्याकाळी ती दारात पडली. कपाळाला तीन टाके.

मेंटेनन्सवाल्याला हा प्रकार पाठ असतो. येणारा-जाणारा बिघाड. मेकॅनिक आला की गाडी शहाण्यासारखी चालते, तो वळला की बंद. त्याच्याइतकं छळणारं दुसरं काही नसतं. इथं तर माझी बायको होती.

शेवटी चिंचवडला हृदयाच्या एका डॉक्टर मॅडमकडं गेलो. बाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "नळाचं काम ठीक आहे, कुठं ब्लॉकेज नाही. मला वायरिंगचा संशय आहे. वरून खाली येणारा करंट मधेच तुटतो. काही सेकंद ठोकाच पडत नाही, मेंदूला रक्त जात नाही आणि माणूस कोसळतो. करंट परत आला की उठतो. ही फीट नाहीच."

"मग पेसमेकर घाला की मॅडम!"

"घडताना पकडल्याशिवाय कसा घालू? नुसत्या संशयावर छातीत वायर नाही सोडता येत." कातडीखाली एक बारकी पट्टी बसवायची, ती महिनोन्‌महिने ठोक्यांवर लक्ष ठेवते, असं त्यांनी सांगितलं. बारा दिवसांनंतरची तारीख दिली. तोवर एकटं सोडायचं नाही, बाथरूमला आतून कडी लावायची नाही.

आता कंपनीचं सांगतो. आमचा सात नंबर म्हणजे जुना प्रेस, पत्र्याचा रोल आपोआप आत सरकतो आणि वरून ठोका पडतो. हा सात नंबर त्याच उन्हाळ्यापासून मधेच थांबायला लागला. तीन सेकंद, चार सेकंद – आणि परत आपोआप सुरू. हे होऊच शकत नाही, राव. प्रेस एकदा ट्रिप झाला की माणसानं रिसेट दाबल्याशिवाय चालू होत नाही. तशीच रचना असते, नाहीतर हात तुटतील लोकांचे. मोटर तपासली, पॅनेल तपासलं, वायर अन् वायर तपासली. ऑपरेटर शिंदे हसायचा. "साहेब, सात नंबरला परत चक्कर आली. कांदा हुंगवू का?"

वर प्रॉडक्शनची बोंब. मग मी जे करायला नको ते केलं. संशय सेफ्टी सेन्सरवर होता, त्याला बायपास मारला. म्हणजे सेन्सरला बाजूला ठेवून वायर थेट जोडली. चूकच होती ती, कबूल. शिंदेला दुपारी घरून फोन केला, "बायपास केलाय रे, आता काळजी नको, चालेल व्यवस्थित."

हे आईनं ऐकलं. अर्धंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मावळातून जीप भरून नातेवाईक दारात! शहाळी, सफरचंदं, एका मावशीच्या हातात अंगारा. "वैशालीचं बायपास झालं म्हनं!" आणि वैशाली समोर उभी राहून त्यांना चहा विचारतेय. मी आईवर असा भडकलो... आई रडवेली झाली. म्हणाली, "तूच म्हनला न्हव्हं बायपास केला? म्या काय मनचं सांगते व्हय?" आणि आपण किती लक्ष देतो हे दाखवायला तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. दुधाचे खाडे मांडते तसं प्रत्येक चक्कर तिनं वेळेसकट मांडली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून.

मंगळवार, दहा वीस. शुक्रवार, पावणेतीन. सोमवार, नऊ पाच.

मी ते कॅलेंडर हातात धरून उभा राहिलो. या वेळा मी लिहिल्या होत्या. माझ्या हातानं, ब्रेकडाऊनच्या चिठ्ठ्यांवर.

कंपनीत जाऊन सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. नऊच्या नऊ जुळल्या. होल्टर लावलेल्या दिवशी सात नंबरही एकदाही थांबला नव्हता. मी स्वतःला म्हटलं, वेड्या, झोप कमी झालीय तुझी. दोन दिवसांनी सात नंबर पुन्हा थांबला. सेन्सर बायपास असताना! पाच सेकंद. मी तिथूनच घरी फोन लावला.

"अहो, बरं झालं फोन केलात," वैशालीचा आवाज खोल गेलेला. "आत्ताच अंधारी आली. खाली बसले म्हणून वाचले."

कुणाला सांगणार? मॅडमना सांगू की माझ्या बायकोचा ईसीजी चाकणला प्रेसवर निघतोय? मी चिठ्ठ्या लिहीत राहिलो. सहा सेकंद. आठ. साडेनऊ. वाढत चाललं होतं आणि तारखेला अजून सहा दिवस होते. मॅडमना फोन करून गयावया केली, तारीख अलीकडं घ्या. त्यांनी दोन दिवस अलीकडं घेतली. मी मशीनसमोर उभा राहून, कुणी बघत नाही असं पाहून, हात जोडले. हो, जोडले. थांबू नकोस गं बाई, एवढंच म्हणत होतो.

तारखेच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा पस्तीस. सात नंबर थांबला. मी मोजायला लागलो. दहा... पंधरा... वीस...

"साहेब, ही उठेना," शिंदे म्हणाला.

घरी फोन लावला, वाजत राहिला. आई त्या दिवशी मामाकडं तळेगावला, मुलगी शाळेत. शबानाभाभी सोबतीला बसणार होत्या, त्या दूध तापवायला पाच मिनिटं आपल्या घरात गेलेल्या. रफिकभाईंना फोन केला, ते गॅरेजमधून धावत वर गेले. फोन चालूच होता.

"भाऊ, वैशालीभाभी बाथरूममध्ये आहेत. आतून कडी आहे. आवाज देत नाहीत."

"तोडा दार!"

धाडधाड आवाज. मग शबानाभाभींची किंकाळी. "भाऊ, शबाना म्हणते, नाडी लागत नाही..."

"छाती दाबा! दोन्ही हात, मधोमध, जोरात! बरगडी मोडली तरी चालेल!" मी कंपनीच्या फर्स्ट एडच्या ट्रेनिंगमध्ये शिकलेलं ओरडत होतो. तिकडून रफिकभाईंचा दबका आवाज – "भाऊ, भाभींना मी हात कसा..."

"रफिकभाई, बहीण समजा आणि दाबा! पाया पडतो तुमच्या!"

दाबली त्यांनी. ठोका आला, गेला, परत आला. दुरुस्तीला आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीत घालून तिला नेलं. मी चाकणहून बाईकवर निघालो आणि मोशीच्या जॅममध्ये अडकलो. हेल्मेटच्या आत ढसाढसा रडत होतो, शेजारचे टेम्पोवाले बघत होते. पोहोचलो तेव्हा ती आयसीयूत होती, आत जाऊ देईनात. काचेतून फक्त तिचे पाय दिसत होते. मॉनिटरवर पकडलं होतं एकदाचं – अकरा सेकंद सरळ रेघ.

तेवढ्यात शिंदेचा फोन. "साहेब, सात नंबर चालू झाली. कुणी हात नाही लावला. इलेक्ट्रिशियन मीटर धरून उभा होता नुसता."

घड्याळात बारा बावन्न. नंतर मी वैशालीच्या हॉस्पिटलच्या कागदांवर बघितलं. मानेतून तात्पुरती वायर घालून पेसिंग सुरू केलं, वेळ बारा बावन्न.

दोन दिवसांनी कायमचा पेसमेकर बसवला. मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या कडी लावून आत, तुम्ही चाकणला. तुम्हाला कळलं कसं?"

"फोन उचलला नाही म्हणून," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

त्यानंतर आठ महिने सात नंबर एकदाही थांबला नाही. वैशालीही पडली नाही. बायपास मी त्याच आठवड्यात काढून सेन्सर नीट जोडला. विसरत आलो होतो म्हणा ना.

मग कंपनीत ठरलं की सात नंबर काढायचा, त्या जागी नवीन प्रेस येणार. मॅनेजरना म्हणालो, सर, चांगलं मशीन आहे, राहू दे. ते माझ्याकडं बघतच राहिले. "अरे, तूच मागं लागला होतास ना हिला काढा म्हणून?" मॅडमकडं जाऊन पेसमेकर तपासून घेतला. त्या म्हणाल्या बॅटरीला बरीच वर्षं आहेत. पण हेही म्हणाल्या की तिच्या स्वतःच्या करंटचा आता भरवसा नाही, जवळजवळ प्रत्येक ठोका पेसमेकरच देतोय. मी रात्रंदिवस तेवढंच घोळवत बसलो.

गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, सात नंबरची विजेची लाईन तोडायची ठरली. एरवी सुट्टीला प्रेस नुसता थांबवतो, मेन कधी ओढत नाही. मला बोलावलं होतं. मी म्हणालो, वाटेल ते करा, मेन स्विच मी ओढणार नाही. घरी बसलो, वैशालीच्या शेजारी, तिचं डावं मनगट धरून.

"अहो, एका हातानं मेथी कशी निवडू? सोडा की!"

"राहू दे थोडा वेळ."

"काय झालंय तुम्हाला? डोळ्यांत पाणी का?"

शिंदेचा मेसेज आला. मेन ओढला.

माझी बोटं तिच्या नाडीवर. एक... दोन... तीन... मी श्वास धरून मोजत होतो. चालू होती. वीस. चाळीस. साठ. चालू होती. माझ्या तोंडून हुंदका बाहेर पडला. तेवढ्यात वैशालीनं मान वर केली.

"किती शांत झालं हो एकदम."

खाली रफिकभाईंचा ग्राइंडर किंचाळत होता. आमच्या कुकरची शिट्टी होत होती.

"काय शांत झालं?"

"तो आवाज. आधी कर्र, मग धप्प. कर्र, धप्प... पहिल्यांदा पडले ना, तेव्हापासून सारखा कानात. मला वाटायचं खालच्या गॅरेजचा आहे. आत्ता थांबला बघा."

वैशालीनं आमच्या शॉपमध्ये आजवर पाऊल टाकलेलं नाही. मशीनच्या आवाजाचं मी तिला अवाक्षर बोललो नव्हतो. कर्र म्हणजे पत्रा आत सरकतो तो आवाज. आमच्या अख्ख्या शॉपमध्ये फक्त सात नंबरच तसा कर्रकर्र करायचा.

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"तुम्हाला नव्हता येत ऐकू?" ती म्हणाली आणि मेथीकडं वळली.

कारण मला सापडलेलं नाही. इथं कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा, पण खरं सांगायचं तर ते ऐकायचीही भीती वाटते आता. त्या दिवशी मी तिचं मनगट दुपारपर्यंत सोडलं नाही. ती चिडली, भांडली, शेवटी हसायला लागली. मेथी मग मीच निवडली, एका हातानं.