मलकापूरचा रिपोर्ट कुणाकुणाला दिसत होता

बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. चोरून ओढलेल्या सिगारेटी, भावाशी धरलेला अबोला, सगळं. हे मात्र तिलाही ठाऊक नाही. सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण सांगायला बसलो की विषय भरकटायचा आणि मी चहा मागायचो. तुम्हाला सांगतो. तुमच्याकडे चहा मागायची सोय नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात पशुखाद्य बनवणाऱ्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर विभाग सांभाळायचो. विभाग म्हणजे मी आणि एक सर्व्हर. हातकणंगले, मलकापूर, चंदगड असे आमचे डेपो. मालक कुठलंसं प्रदर्शन बघून आले आणि त्यांनी हट्ट धरला, की विक्रीचे आणि साठ्याचे सगळे रिपोर्ट एका जागी दिसले पाहिजेत. पण ज्याचं त्याला. हातकणंगलेवाल्याला हातकणंगल्याचं, चंदगडवाल्याला चंदगडचं, आणि मालकांचं फक्त मालकांना. कुणाला काय दिसावं याची परवानगी देणं — हे माझं काम.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

पण आमच्याकडे एखादा रिपोर्ट दिसत नाही, तर तो आपल्या कामाचा नसेल, असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. दिसत नाही म्हणजे अपमान! लग्नात शेजारच्याला फेटा बांधला आणि आपल्याला वगळलं, तसलं दुःख. हातकणंगल्याला काही उघडून दिलं की लगेच चंदगडचा फोन. "त्येला दिसतंय, मग आमी काय घोडं मारलंय?" बरं, पासवर्ड तरी नीट ठेवावा? इन्चार्ज बाहेर निघाला की जाताना हमालाला सांगून जाणार. मग कुणीतरी तो बदलणार, आणि माझा घास तोंडात असताना फोन वाजणार. मी एकेकाला अस्सल शिव्या घालायचो. फोन ठेवल्यावर.

फोन ठेवल्यावर — हे लक्षात ठेवा. माझा स्वभाव तो.

एके दिवशी सकाळपासून मलकापूरच्या इन्चार्जनी माझा पिच्छा पुरवला होता. त्यांना सगळे आबा म्हणायचे. वयानं मोठे आणि आवाज त्याहून मोठा. "ओ सायेब, काल दिसत हुतं, आज न्हाय. आमाला कुणी किंमतच देईना की!" एकदा दुरुस्त केलं, पुन्हा फोन. पुन्हा केलं, पुन्हा फोन. माझं डोकं फिरलं.

आता हे जरा समजून घ्या. रिपोर्ट फोल्डरमध्ये असायचे, फोल्डरच्या आत आणखी फोल्डर. बाहेरच्या फोल्डरला जी परवानगी, तीच आतल्या सगळ्यांना एका झटक्यात लागू करता यायची. मालकांचा फोल्डर मी त्यातून वेगळा काढून बंद ठेवला होता. त्या दिवशी मी सगळ्यात वरच्या फोल्डरवर 'सगळ्यांना' अशी खूण केली आणि तेच आत सगळीकडे लागू करून टाकलं. बघा लेको, काय बघायचं ते! दुपारपासून एक फोन नाही. इतका निवांत मी त्या ऑफिसात कधी जेवलो नव्हतो.

मालकांचा फोल्डर विसरलो का? इथं मी दर वेळी अडखळतो. लोकांना सांगायची वेळ आली असती, तर विसरलो म्हणालो असतो. पण विसरलो नव्हतो. नंतर बघू, असं म्हटलं होतं.

त्या फोल्डरात एक नवा रिपोर्ट होता — कुठला डेपो बंद करावा याचा. सगळ्यात तळाला मलकापूर. तो तयार केला होता हिशेब विभागातल्या मिलिंद कांबळेनं. मिलिंद माझा दोस्त. डबा आम्ही एकत्र खायचो. माझ्या बायकोच्या आमटीला तो नावं ठेवायचा आणि वाटी पुसून खायचा. हिशेब विभागाचं प्रमुखपद त्यालाच मिळणार, हे अख्ख्या ऑफिसनं धरलं होतं. मालक, मालकांचे जावई आणि मिलिंद — तो रिपोर्ट दिसायचा तो एवढ्या तिघांनाच. म्हणजे, तसं ठरलं होतं.

आणि पुढच्याच आठवड्यात आबा मलकापूरची सगळी माणसं जीपमध्ये घालून ऑफिसच्या दारात हजर. डेपो बंद करताय म्हणे! मालक चक्रावले. कुणी सांगितलं, म्हणून त्यांनी विचारलं. आबा कडाडले, "पोटावर पाय देताय, आन् वर इचारताय कुणी सांगितलं?" नाव काही घेतलं नाही. घेणार कुठून? नाव नव्हतंच. त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या टेबलावर बघितलं होतं.

मला वरून बोलावणं आलं. जाण्याआधी मी परवानग्या उघडून बघितल्या. 'सगळ्यांना'. मी काय केलं? तिथल्या तिथं मालकांचा फोल्डर पुन्हा बंद केला, आधीसारखी तीन नावं घातली, आणि जिना चढलो.

मालकांनी विचारलं, "हे कुणाकुणाला दिसतंय?"

मी म्हणालो, "तिघांनाच. तुम्हाला, जावईबापूंना आणि मिलिंदला."

त्या क्षणी ते खरं होतं. किती वर्षं मी या एका वाक्याला कुरवाळत बसलोय, सांगू? खरं होतं, खरं होतं... कसलं खरं!

मिलिंदचा मावसभाऊ मलकापूरच्या डेपोत कामाला होता, हे जावयांना माहीत होतं. ते हसून म्हणाले, "आपल्या माणसाला सांगितल्याशिवाय ऱ्हातील व्हय ही लोकं?" ही लोकं — म्हणजे कोण, ते तिथं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मलाही नाही. आणि आता हेही सांगून टाकतो, कारण यापेक्षा वाईट मी काही केलेलं नाही. ते ऐकून मला हायसं वाटलं. मिलिंदचं आडनाव वेगळं असतं, तर मालकांनी आणखी चार प्रश्न विचारले असते. आता विचारणार नाहीत, हे मला कळलं. मास्तरांचा मुलगा मी, घरात समतेवर व्याख्यानं ऐकत वाढलेला — मी मान खाली घालून उभा राहिलो.

मिलिंदला आत बोलावलं. त्यानं आवाज चढवला नाही. "मी कुणाला सांगितलेलं न्हाई," एवढंच दोनदा म्हणाला. मग माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं असावं, कॉम्प्युटरचं मला कळतं, मी काहीतरी बोलेन.

त्याची चंदगडला बदली झाली. बायको कोल्हापुरात शाळेवर, मुलगी लहान. तो तिकडं एकटा, त्या पावसात पोती सुकी ठेवत. शनिवारी एस.टी.नं घरी यायचा. जाण्याआधी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "माझं नाव काढ बाबा त्यातनं. उद्या परत काय झालं तर माझ्यावर नको." तो समोर उभा असताना मी ते काढलं. त्याला दाखवलंसुद्धा — बघ, गेलं.

मलकापूरचा डेपो पुढं बंद झालाच, माणसं पांगली. मिलिंदनं वर्ष-दीड वर्षात नोकरी सोडली आणि कोल्हापुरात कर सल्लागार म्हणून बसला. मला बढती मिळाली. भरवशाचा माणूस म्हणून.

काही वर्षांनी त्यानं घर बांधलं. बुद्धवंदना झाली, मग जेवणं. मला आग्रहाचं बोलावणं होतं. मला वाटलं, याला कळलंय, आज चारचौघांत विषय काढणार. मी गेलो. त्यानं माझा हात धरून मला त्याच्या म्हाताऱ्या वडिलांसमोर नेलं आणि म्हणाला, "दादा, ह्यो त्यो. सगळं ऑफिस माझ्यावर उलटलं, तवा माझ्याइरुद्ध एक शब्द बोलला न्हाई."

म्हाताऱ्यानं मला हात जोडले. मीही जोडले. मग पंगतीला बसलो, पोटभर जेवलो, मिलिंदच्या आग्रहानं आणखी भात घेतला, आणि घरी आलो.