काळी स्क्रीन आणि आईची सवय

ग्रुपवरच्या गेमर लोकांनो, पीसी सुरू झाला. थँक्यू. पण डोकं अजून ठिकाणावर नाही.

सकाळी ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अपडेटला लावला आणि आंघोळीला गेलो. इन्स्टॉल होताना स्क्रीन थोडा वेळ काळी पडते, तुम्हाला माहितीये. आमच्या दहिसरच्या घरात आईचा नियम आहे, जे वापरात नाही त्याचं बटण बंद. तिला वाटलं पीसी असाच चालू राहिलाय. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं.

मग काय, इन्स्टॉल अर्धवट राहिलं आणि वाट लागली. विंडोजचा लोगो यायचा आणि पुन्हा अंधार. रात्री टुर्नामेंटची मॅच! मी ओरडलो, "कळत नाही तर हात कशाला लावतेस गं?"

ती स्वयंपाकघरात निघून गेली.

तुम्ही सांगितलं तसं सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर काढला, नवा टाकला. आता झकास चालतंय.

पण मघाशी दिवेलागणीला आई माझ्या खोलीच्या दारातच थांबली. रोज घरभर दिवे तीच लावते. आज हात मागे घेऊन म्हणाली, "लाईट लावू ना रे? हे बटण दाबलेलं चालेल?"

मी नुसता "हो" म्हणालो. तुम्ही काय म्हणाला असतात?