ओळीवरचं बोट

तेव्हा सीताबर्डीवर मोटारी क्वचितच दिसत. राज्य टांग्यांचंच होतं. त्यातला एक म्हातारा टांगेवाला दर रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसायचा. गाणं सुरू झालं की तो पुस्तकातल्या ओळींखालून बोट फिरवायचा, पण ओठ मिटलेलेच. मी मिशन शाळेतला मास्तर. मला वाटायचं, याला नीट वाचता येत नसावं.

एकदा उपासना संपल्यावर मी विचारलं, "तुम्ही गात का नाही?"

त्याच्या गळ्यातून नुसती घरघर आली. कान जवळ नेला तेव्हा शब्द कळले.

"जवानीत मी टांगा हाकताना गायचो, तं लोक दुकानातून बाहेर येत. पादरीसाहेब म्हणाले, खेड्यापाड्यात येशूची गाणी गायाले चाल. मी म्हटलं, मी अडाणी माणूस, आधी वाचाले शिकतो, मंग येतो. शिकता शिकता वर्षं गेली. मंग परसाल गळ्यात गाठ झाली, डॉक्टरनं कापली. आता वाचता येते."

पुस्तक मिटून तो म्हणाला, "देवानं बोलावलं, तवा लागणारं सामान देऊनच बोलावलं होतं, मास्तर. मलेच ते कमी वाटलं."

बाहेर येऊन तो टांग्यावर चढला. त्यानं लगाम हलवला, पण घोडा कान टवकारून उभाच राहिला.

माझ्याकडे वाकून तो पुटपुटला, "माह्या गाण्यावरच चालाले शिकला हा. अजून वाट पाहून राहिला."