वीराचे गुडघे

सिंदीहून सकाळी निघालो तेव्हा पिशवीत मी स्वतः छापलेली पत्रकं होती. आमच्या मंडळाच्या नाटकात यादवकाळातले पाच शिपाई आहेत. त्यांच्यासाठी भाड्याच्या दुकानातून साटीनच्या चुडीदार सुरवारी यायच्या होत्या. हा इतिहासावरचा अत्याचार आहे, असं मी पत्रकात ठणकावून लिहिलं: त्या काळचा इथला साधा शिपाई गुडघ्याच्या वर खोचलेलं धोतर नेसायचा. पोरांना पटलं. मंडळाचे अध्यक्ष, कापसाचे व्यापारी बंडूभाऊ, भडकले.

"आपले पूर्वज काय उघड्या टांगांनं लढत होते? सांजेपर्यंत पुरावा आन. नाई तं सुरवारी येतीन, अन् तुह्या पत्रकाची आपन होळी करू."

सेलूला घाईत चुकून हिंगणीच्या गाडीत चढलो. पुढच्या थांब्यावर उतरून उन्हात पायी परत. पवनारला पोचेपर्यंत दुपार झाली. धाम नदीचं पाणी खडकांच्या मधून बारीक वाहत होतं. पलीकडच्या वांग्यांच्या वाडीत लिंबाखाली एक वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराची कोरीव शिळा) आहे, एवढंच मला ठाऊक होतं.

शिळा सापडली. कमरेपासून खाली कापडात गुंडाळलेली! वाडीच्या मालकीण इंदूकाकू शेजारीच नवं धोतर घेऊन बसल्या होत्या. आज वीरबाप्पाची आंघोळ, वर्षातून एकदाच कापड बदलतं. माझं नशीबच उघडलं. मी मोबाईल काढला.

"ठेव तो खिशात," काकू म्हणाल्या. "कपडे बदलताना बाप्पाले कोनी पाह्यत नाई. मी बी नाई पाह्यत."

मी पेटलो. पुरावा झाकण्याचा हक्क कुणालाच नाही, सत्य सर्वांचं असतं, वगैरे. काकूंनी शांतपणे ऐकलं.

"तुह्या आंगोळीच्या टायमाले मी मानसं आनून उभी केली तं चालन का, बाबू?"

मी मोबाईल खिशात ठेवला.

मग त्याच म्हणाल्या, "पाह्यता येत नाई. पन पानी टाकता येते. आंग बी चोळा लागते. डोये मीट अन् ये."

मी डोळे मिटले. काकूंनी कापड सोडलं, तांब्या हाती दिला. दगड गार होता. बोटं घोट्यावरून वर सरकवली. कोरलेल्या कापडाची कड कुठेच लागेना. मग गोल, गुळगुळीत गुडघा लागला. दुसराही. त्याच्या वर आडवी कड, आणि मधोमध खाली सुटलेल्या निऱ्या.

"काकू, धोतर आहे!"

"मंग काय फुलपँट असन का?"

मी तिथेच ओल्या मातीत बसलो आणि हसत सुटलो. काकूंनी माझंच एक पत्रक ओढून त्यावर भिजवलेली डाळ आणि गूळ वाढला. "कागद बरा हाये तुहा." उतरवलेलं जुनं धोतर घडी करून पिशवीत टाकलं. वीरबाप्पाचा प्रसाद.

सिंदीला पोचलो तेव्हा तालमीला सगळे जमले होते.

"फोटो?" बंडूभाऊंनी विचारलं.

"नाही. डोळे मिटून हाताने पाहिलं." मी सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की एका शिळेवरून सगळ्या मध्ययुगाचे पाय ठरत नाहीत. दरबारात, घोड्यावर सुरवारी असतीलही. आपला शिपाई मात्र पायदळातला आहे. पोरं माझ्याकडे बघत राहिली. आपलाच पुरावा कमजोर करणारा वकील त्यांनी पाहिला नव्हता.

बंडूभाऊंनी ते धोतर हातात घेतलं, कपाळाला लावलं.

"त्या बाईनं तुले हात लावू देल्ला?"

"डोळे मिटले म्हणून."

त्यांनी धोतर पहिल्या शिपायाकडे दिलं. "नेस. गुडघ्याच्या वर घेजो."

चार पानांच्या पत्रकाने जे जमलं नव्हतं, ते एका घडीने झालं. त्या रात्री मी गाढ झोपलो. नवं पत्रक लिहायचं आहे. या वेळी उद्गारचिन्हं कमी घालीन.