दादाची तबकडी आणि बोटीवरचा अँप्लिफायर

आमचा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आगबोटीवर इंजिनखात्यात होता. भंगारात निघालेल्या एका बोटीवरचा, सूचना ऐकवण्याचा अँप्लिफायर त्याने एका सुट्टीत मिरकरवाड्याच्या घरी आणून टाकला. त्यानंतर दोन वर्षं तो आलाच नाही. मी तेव्हा रेडिओदुरुस्ती करायचो आणि स्वतःला फार शहाणा समजायचो. ग्रामोफोनच्या सुईचा क्षीण आवाज त्या धुडाला पुरेना, म्हणून एका वॉल्वचा प्रीअँप्लिफायर घरीच बनवून मी दोघांची सोयरीक जुळवून दिली. आम्ही त्यावर बायकांच्या आवाजातली गाणी ऐकायचो. कुणाला काही खटकलं नाही.

मग दादाची तबकडी आली. परदेशी बंदरांत आपला आवाज तबकडीवर भरून मिळायचा. शेजारपाजार गोळा झाला, वहिनी दाराआड उभी राहिली. तबकडीतून दादा म्हणाला, "मी मजेत हाय. यंदापण यायला जमायचा नाय. काळजी करू नका."

आवाज मात्र चिरका, पोकळ, लंघन केलेल्या माणसाचा.

"ह्यांना बरा नाय," वहिनी म्हणाली.

तिचं चुकत होतं असंही नाही. आमच्याकडचा दर्यावर्दी दुखणं कधी घरी कळवत नाही. तापाने फणफणलेला असला तरी पत्रात 'मजेत' असतो. त्यामुळे बायका त्या शब्दावर काडीचा विश्वास ठेवत नसत. वहिनीने अन्न टाकलं. आई कंपनीला तार करायला निघाली. आजाराची तार गेली तर धडधाकट माणसालाही बोटीवरून उतरवतील, हे मी घसा फोडून सांगत होतो. पण माझं ऐकतो कोण!

खरं तर मीही घाबरलो होतो. शेवटी खर्जात गाणाऱ्या एका बुवांची रेकॉर्ड लावून पाहिली. तेही किरटेच वाजले. माझा जीव भांड्यात पडला.

दोष जोडणीत होता. बोटीवरच्या अँप्लिफायरचं इनपुट लांबलचक तारेसाठी केलेलं, फारच कमी रोधाचं. माझ्या एवढ्याशा वॉल्वला तो भार झेपेना आणि आवाजातला सगळा खर्ज मधल्या कंडेन्सरपाशीच गळून जाई. दोघांचा इंपीडन्स, म्हणजे हाच रोध, जुळवायला मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा होता. मी आईच्या हातापाया पडून तार थांबवली आणि मुंबईहून तो मागवला.

तो बसवून तबकडी पुन्हा लावली. या वेळी दादा खोलीत उभा असल्यासारखा बोलला, तोच भरदार, छातीतून येणारा आवाज. आई रडायलाच लागली. "माझा झील बरा हाय गो," असं ती शेजारणींना सांगत सुटली. मी शाबासकीच्या आशेने दाराकडे पाहिलं.

वहिनी बाहेर आली होती. तिने तबकडी थांबेपर्यंत सगळं ऐकलं.

"आवाज तर ठणठणीत हाय, भावजी," ती म्हणाली. "मग येत का नायत?"

तो ट्रान्सफॉर्मर उपटून समुद्रात फेकावा असं मला वाटलं.